मुराळी आल्याशिवाय

१ सप्टें., सोम.

सकाळी पहिलाच फोन, "साहेब हायत का?" यांचाच नंबर मी वापरते, म्हणून अजून असे फोन येतात. "मीच बघते आता, बोला," एवढंच म्हणते. गेले म्हणून सांगितलं की समोरचा गप्प होतो आणि कामाचं बोलणं राहून जातं. त्याला बसस्टँडजवळ गाळा हवा होता. लिहून घेतलं.

दुपारी रशीदभाई आले. यांचे जुने भागीदार. सोबत भानुदास म्हणून एक शेतकरी, पन्नाशीचा. हायवेला लागून जमीन आहे, गिऱ्हाईक ठरलंय, इसारही झालाय. अडलंय ते बहिणीपाशी. बाप वारल्यावर सातबाऱ्याला तिचंही नाव लागलं. तिनं हक्कसोड करून दिल्याशिवाय खरेदीखत होत नाही.

म्हणजे बहीण आणायची. हे काम माझं. गेवराईत प्लॉट दाखवणारे पुरुष रग्गड आहेत. पण बहिणीच्या सासरी जाऊन, तिच्या चुलीपाशी बसून, "बाई, भावासाठी एक सही कर" असं म्हणायला बाई लागते. हे गेले त्या वर्षी पहिली बहीण आणली. तेव्हापासून सगळे एजंट त्यासाठी माझ्याकडेच येतात.

भानुदासला म्हटलं, "तुम्ही स्वतः का जात नाही?"

तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "तुमीच जा ताई. बायाबायाचं जमतंय."

३ सप्टें., बुध.

गाडी बदलून शिरूर, पुढं जीप, पुढं पायी. बहिणीचं नाव कौसल्या, सगळे कौसा म्हणतात. पत्र्याचं घर, वळचणीला दोन कोयते खोचलेले. दसऱ्यानंतर नवराबायको ऊसतोडीला जातात, घराला कुलूप लावून. नवरा बकऱ्यांमागं गेला होता.

माझी पद्धत ठरलेली. आधी लेकरांचं विचारायचं, मग दुखणंखुपणं. पेढे, साडी. कागदाचा विषय दुसऱ्या चहानंतर.

पेढे घेतले. साडी उघडली, पदर बघितला, घडी घालून माझ्या मांडीवर परत ठेवली.

"ही कोनी घेतली?"

"तुमच्या दादानं."

"दादा हिरवी घेनार न्हाई."

मी साडी पिशवीत सरकवली.

"माय सवाष्ण गेली. तिला हिरवी नेसवली. दादानंच आनली, माझ्या देखत. तवापासून मी हिरवं अंगाला लावत न्हाई. दादाला ठावं हाय."

साडी मीच घेतली होती, नेहमीच्या दुकानातून. सवाष्णीला हिरवा चालतोच म्हणून मी दरवेळी हिरवीच घेते. आजपर्यंत कोणी परत केली नव्हती.

मग तीच म्हणाली, "सहीसाठी आल्या न्हवं? करते की. वाटा नको मला. पर दादानं न्यायला यावं. मुराळी म्हनून. आईबाप होते तवर पंचमीला कोनी ना कोनी यायचं. तात्या गेल्यावर चार पंचम्या झाल्या. आळीतल्या बायांचे भाऊ येतेत. त्यांना पानी मी देते."

निघताना वेशीपर्यंत आली. वाटेत सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तात्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. चुलता म्हनला जमिनीचं बोल, भाऊकीचं बोल. दादा सगळं बोलला. कावळे झाडावर बसलेले, एक हलंना. मंग दादा म्हनला, तात्या, कौसाला दर पंचमीला मी न्यायला जाईन, तिचं माहेर तुटू देनार न्हाई. झडप घातली बगा. एक न्हाई, चार." वेशीपाशी पोचल्यावर, "मंग ताई, कावळ्याला फसवलं का दादानं?"

४ सप्टें., गुरु.

भानुदासला सांगितलं. चिडला. "मुराळी? चार पोरांची माय हाय ती. अजून मुराळी लागतो व्हय?"

मी साडी टेबलावर ठेवली. म्हटलं, "ही परत केली. रंग बघा."

बघितला. साडी जवळ ओढली. "तुमी हिरवी कावून नेली हो?"

"तुम्ही सांगितलं नाही."

पदर चाचपत बोलला. "पहिल्या पंचमीला पेरणी दुबार झाली, राहून गेलं. दुसऱ्या साली वाटलं, आता कोनत्या तोंडानं जावं. मंग राहिलंच."

रशीदभाई वैतागले. "अरे जा ना बाबा, बहनच है, शेर थोडी है."

तो उठून गेला.

८ सप्टें., सोम.

कालपासून पंधरवडा लागला. पितरांच्या दिवसांत कोणी इसार देत नाही, प्लॉट बघत नाही. ऑफिस उघडून बसते. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. बोर्डावर नाव यांचंच.

वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. मी चौथीत शाळा सोडलेली. अक्षरं विसरले होते म्हटलं तरी चालेल. हे संध्याकाळी खरेदीखतं मोठ्यानं वाचायचे, मी समोर भाजी निवडत बसायची. पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचं शेत, उत्तरेस गाडीवाट. ऐकून ऐकून एक दिवस कागद हातात घेतला तर वाचता आला. आता जाडी पुस्तकं वाचते. पण ऐकवायला कोणी...

१५ सप्टें., सोम.

आज यांची तिथी. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. पान गच्चीवर ठेवलं. खाली येईपर्यंत वर कावळा आलासुद्धा.

दहाव्यालाही असंच झालं होतं. पिंड ठेवला, भटजी बाजूला झाले, की लगेच शिवला. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, काही इच्छा राहिली नाही. दीर म्हणाले, सुटले. मी मान हलवली.

कोणाला बोलले नाही, इथं लिहिते. छातीत दुखतंय म्हणाले आणि बीडला पोचायच्या आत संपलं. मला काही सांगायचंही राहिलं नव्हतं का? एक क्षणसुद्धा कावळा थांबला नाही. कौसाच्या बापासाठी ऊन डोक्यावर आलं. मला तिचा हेवा वाटला त्या दिवशी, वेशीपाशी.

२० सप्टें., शनि.

भानुदास आपणहून आला. दारातच उभा.

"तात्याची तिथी झाली. पान ठेवलं पत्र्यावर. दुपार टळली तरी कावळा आला न्हाई. शेवटी गाईला घातलं."

मला माहीत आहे त्याच्या घराकडचं. हायवे चौपदरी झाला तेव्हा दोन्ही कडेची लिंबं, चिंचा सगळं तोडलं. कावळे बसणार कुठं? पण ते मी बोलले नाही.

"जातो म्हनावं तिला," तो म्हणाला. "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी."

मी विचारलं, "घरी आणणार ना? चार दिवस?"

"हां, हां."

२३ सप्टें., मंगळ.

काल घट बसले. आज कौसाला फोन केला. नवऱ्याच्या फोनवर, तिला द्यायला सांगितलं.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा येतोय न्यायला."

पलीकडं बकऱ्यांचा आवाज.

"खरं का ताई?"

"खरं."

"एष्टीनं येनार का मोटारसायकलवर?"

"मोटारसायकलवर."

"मंग पिशवी ल्हान घेते."

फोन ठेवल्यावर मला माझा भाऊ आठवला. माझी सही मी कधीच करून दिली, हे असतानाच, आनंदानं. जरीची साडी मिळाली. यांच्या दहाव्याला आला, जेवणाआधी निघून गेला. मधे काही नाही. भांडण असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

रशीदभाई सोनं द्यायला आले. आपट्याची पानं यांच्या फोटोपुढं ठेवली. म्हणाले, "भाभी, कल सुबह ग्यारह बजे रजिस्ट्री का टाइम लिया है. भानुदास उसको सीधा उधरीच लाता."

"सीधा? घरी नाही नेणार आधी?"

"पहले सही, फिर घर. गिऱ्हाईक भी आयेगा. उसकी टोली निकल गयी तो छह महीने गये."

भानुदासला दोनदा फोन लावला. उचलला नाही. कौसाला लावावा म्हणून नंबर काढला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते?

३ ऑक्टो., शुक्र.

रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर मी, रशीदभाई, गिऱ्हाईक. साडेअकराच्या सुमारास मोटारसायकल आली. कौसा मागं बसलेली. डोक्याला तेल, नवी टिकली, मांडीवर पिशवी, हातात डबा. भावाच्या पाठीला गाल लावून काहीतरी सांगत होती, हसत होती. गाडी थांबली तरी तिचं बोलणं चालू.

मग तिनं बोर्ड बघितला. तिला वाचता येत नाही. पण माणसं बघितली, हातातल्या फाइली बघितल्या, मला बघितलं.

"हे घर न्हाई, दादा."

भानुदास म्हणाला, "पाच मिंटाचं काम हाय. मंग जाऊ."

ती माझ्याकडं वळली. "ताई, तुमी मुराळी म्हनल्या होत्या."

पिशवी तिनं खाली ठेवलीच नाही. तशीच उभी राहिली, पोटाशी धरून.

आत नंबर आला. क्लार्कनं दोनदा बटणं दाबली, मान हलवली. "सर्व्हर डाउन. सोमवारी या."

रशीदभाई भांडले. गिऱ्हाईक भांडलं. काही झालं नाही. भानुदास हातात किल्ली घेऊन उभा. बहिणीला शिरूरला परत सोडायचं आणि सोमवारी पुन्हा आणायचं? कोणालाच काही सुचेना. कौसाच बोलली.

"सोमवारपर्यंत मी कुटं राहू, दादा?"

"घरी की. कुटं म्हंजे?"

ती जाऊन गाडीवर बसली. डबा पुन्हा मांडीवर.

५ ऑक्टो., रवि.

आधारची झेरॉक्स नीट आली नाही असं कारण काढून भानुदासच्या घरी गेले. खरं कारण वेगळं.

अंगणात कौसा पुतणीच्या डोक्यात तेल घालत होती. भानुदास ताट घेऊन बसलेला.

"तुझी बायको आळनी करती दादा, तू वाळला कसा न्हाईस?"

आतून भावजय, "उद्या तुमीच करा वन्सं. मी बसते पाय पसरून."

"करीन की. तू खाय अन् गप झोप."

भानुदासनं भाकरी अजून मागितली. हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. हसताना तो अगदी तिच्यासारखा दिसतो.

मला चहा कौसानं दिला. हळूच म्हणाली, "मायच्या जागेवर झोपते. भिताडाला तिच्या तेलाचा डाग हाय अजून. वहिनीनं पुसला न्हाई. मला वाटायचं पुसला असंल."

७ ऑक्टो., मंगळ.

काल सर्व्हर बंद, आजही बंद. ऑफिसात गर्दी. कालही भानुदास तिला घेऊन आला आणि परत घेऊन गेला, आजही. आज येताना वाटेत गुळाची जिलेबी घेऊन दिली म्हणे.

रशीदभाई डोकं धरून बसले. "भाभी, ये सर्वर उसके मायके का दिखता मेरेकू."

मला हसू आलं. किती दिवसांनी. लगेच वाटलं, हे यांना सांगायला हवं.

मुकादमाचा कौसाला फोन आलाय. ट्रक गुरुवारी पहाटे. उद्याच्या संध्याकाळी तिला गावी पोचायलाच हवं. म्हणजे उद्याचा एकच दिवस.

८ ऑक्टो., बुध.

सकाळी रशीदभाईंचा फोन. "चालू हो गया! मैं बीड को निकला, दूसरा काम है. तुम लाओ उसको, दोपहर का नंबर लगाके दिया. भानुदास कू मैं बोलता नहीं, तुमच बोलो."

भानुदासच्या घरी गेले. तो वैरणीला गेला होता. कौसा पिशवी भरत होती. भावजयीनं ज्वारीचं पीठ, शेंगा, लोणचं काढून ठेवलेलं. मला बघून थांबली.

"चालू झालं का?"

मी तोंड उघडायच्या आधी तीच पुढं बोलली. "एक विचारते ताई. तुमी इतक्या बहिनी आनल्या. सही झाल्यावर त्यांचे भाऊ येतेत का न्यायला?"

मी आठवू लागले. एकेकीचं तोंड. मला माहीतच नाही. सही झाली की मी फाइल बंद करते. नंतर कोणाच्या दारात कोण गेलं, मी कधी विचारलं नाही. मला माहीत आहे ती एकच, मी.

"चालू झालं का?" तिनं पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बंदच आहे."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. समजली की नाही, सांगता येत नाही. पिशवीची गाठ मारली.

भानुदास आला. त्याला सांगितलं. "जाऊ द्या मंग," म्हणाला. "तिचा ट्रक चुकंल." भावजयीनं ओटी भरली. मी बाजूला होऊन दाराकडं सरकले. अशा वेळी मी सरकतेच, प्लॉटवर नारळ फुटतो तेव्हाही. कौसानं हाक मारली, "कुटं चालल्या? थांबा की हितं." थांबले.

निघताना माझा हात धरला. मी तिला यांच्या कावळ्याचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, दारात, भानुदास गाडी चालू करत असताना.

ती म्हणाली, "लगेच शिवला म्हंजे निर्धास्त गेले ताई. बाई माझी निभावंल म्हनून."

मला तसं वाटत नाही. पण ती म्हणाली, ते लिहून ठेवते.

९ ऑक्टो., गुरु.

रशीदभाई सकाळीच आले. बसले नाहीत.

"भाभी, कल सर्वर चालू था."

"हो."

"गिऱ्हाईक मेरे सर पे बैठा है. बोलता, गुढीपाडव्यापर्यंत थांबतो, नाहीतर इसार परत. छह महीने, भाभी! धंदे में ये नहीं चलता. भाईजान होते तो..."

"ते असते तर मला बहिणी आणायला पाठवलंच नसतं."

ते गेले. चहा तसाच राहिला. बरोबर त्यांचंच होतं. भानुदासचं काम मी घेतलं होतं, कौसाचं नाही. गिऱ्हाईक गेलं तर त्याची जमीन पडून राहील, आणि दोष माझा.

पहाटे ट्रक गेला असेल.

१६ ऑक्टो., गुरु.

रशीदभाईंचा फोन नाही. गाळा बघणाऱ्या माणसाला मी एकटीच घेऊन गेले. आवडला नाही.

दुपारी एक नवा एजंट आला. बहीण आणायची आहे म्हणाला, परळीकडची. मी विचारलं, भाऊ का जात नाही? तो हसला. "ताई, तो गेला असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" विचार करून सांगते म्हटलं.

हिरवी साडी अजून कपाटात आहे. काय करावं तिचं?

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

घर झाडलं. रांगोळी काढली, छोटी. पाट मांडला नाही.

अकराच्या सुमारास भानुदासचा फोन. मागं बाजाराचा गोंगाट.

"ताई, कौसाची टोली कुटं उतरली? तिचा नवरा फोन उचलंना."

माझ्याकडं होतं लिहिलेलं. सांगलीकडचा कारखाना, गाव, मुकादमाचा नंबर. सगळं सांगितलं.

"लई लांब हाय हो."

"लांब आहे."

"साडीच्या दुकानात उभा हाय मी. जांभळी घेतली. चालंल का?"

"मला काय विचारता? तुम्हालाच ठाऊक."

"हां." मग हळू आवाजात, "ताई, त्या दिवशी चालू होतं म्हनं."

"होतं."

मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल. मी तयार होते.

"बरं," तो म्हणाला. मग दुकानदाराशी काहीतरी बोलला, पिशवीचा आवाज आला. पुन्हा फोन कानाला लावून म्हणाला, "आता नीट चालू हाय ना? सर्व्हर?"

"आहे."

"बरं. एष्टीची येळ झाली, जातो."

कौसाला कळवावं का? तिच्या मुकादमाचा नंबर समोर आहे. दादा येतोय, एवढंच सांगायचं. मागं एकदा तेवढंच सांगितलं होतं.

अजून फोन लावलेला नाही.